परबांच्या विहिरीचा शिंपला

खारवलीच्या शाळेत आलेखाचा कागद नव्हता. तालुक्याहून मागवला होता, तो येईल तेव्हा येईल. तोवर काशिनाथ मास्तरांनी सातवीच्या वर्गाची जमीन शेणाने सारवून घेतली आणि तिच्यावर रांगोळीने चौकटी आखल्या. आडव्या बाजूला एक वीत म्हणजे खाडीपासून शंभर पावलं, उभ्या बाजूला दोन बोटं म्हणजे एक गुंज मीठ. साल एकोणीसशे बासष्ट. सरकारने ग्रॅम आणि लिटर आणले होते खरे, पण त्यांना अजून घाट उतरायचा होता. खारवलीत पाणी शेरावर आणि सोनं गुंजेवरच मोजलं जाई.

त्या वर्षी पौषातच खाडीकाठच्या विहिरी मचूळ झाल्या. एरवी हे चैत्रात व्हायचं. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं कारण होतं, म्हणून काशिनाथने मुलांना मोजायलाच लावलं. प्रत्येकाने एका विहिरीचं शेरभर पाणी घरी आटवायचं, शेवटचा घोट काशाच्या वाटीत ओतून तोही चुलीवर सुकवायचा आणि वाटी शनिवारी शाळेत आणायची. रिकामी वाटी भाई सोनाराने आधीच तोलून ठेवलेली असे. तो आपला काटा घेऊन पडवीत बसे, आणि सोन्याच्या काट्यावर मीठ तोलायची पाळी आली म्हणून दर वाटीमागे एकदा कपाळाला हात लावी. मग ज्या विहिरीचं मीठ, तिच्या नावाचा शिंपला चौकटीत आपल्या जागी बसे.

अठरा शिंपले बसले होते. काशिनाथने रापणीच्या जाळ्यातली दोरी दोन मुलांच्या हातात दिली. मुलं ती प्रत्येक शिंपल्यावरून वळवायला लागली.

"शिंपले जोडत बसायचं नाही," तो म्हणाला. शाळेत तो पुस्तकी मराठी बोले. "दोरी ताठ धरा आणि घोळक्याच्या मधून न्या. काही शिंपले वर राहतील, काही खाली राहतील. राहू देत. आता सांगा, दोरी काय सांगते?"

"उतरता," एकजण म्हणाला. "खाडी लांब गेली की मीठ कमी."

"प्रत्येक विहिरीला असंच?"

"नाय," मागून आनंदी म्हणाली. ती महादूची मुलगी, तेरा वर्षांची, लुगडं नेसायच्या वयाला आलेली आणि तरी शाळेत टिकलेली. "घोळक्याचा असा. एकट्या बावीचा सांगूक येवचा नाय."

काशिनाथला बरं वाटलं. वर्षभराच्या शिकवण्यात असं उत्तर दोनदा-तीनदाच येतं. "आणि एखादा शिंपला फार लांब पडला तर?"

"काढूचो नाय. परत मोजूचा, आणि दुसरो शिंपलो बाजूक ठेवचो. तुमीच सांगलात."

एकोणिसावी वाटी तिचीच होती. भाईने ती काट्यात ठेवली, दुसऱ्या पारड्यात गुंजा टाकत गेला, थांबला, आणखी टाकल्या. "चौदा," तो म्हणाला आणि या वेळी कपाळाला हात लावायला विसरला.

आठशे पावलांवर दोरी चार गुंजा सांगत होती. आनंदीने शिंपला ठेवला तो वर, एकटा, घोळक्यापासून दीड वीत लांब. मुलं हसली. कोणीतरी म्हणालं की तिने मिठाच्या मडक्यात पाणी आटवलं. काशिनाथही हसायला गेला, आणि शिंपल्यावर कोळशाने लिहिलेलं नाव त्याने वाचलं. परब. म्हणजे त्याच्याच घरची विहीर.

"भांडं नीट घासलं नसशील," तो म्हणाला. "मंगळवारी पुन्हा आटवून आण."

घरी येऊन त्याने चपला काढल्या त्या थेट विहिरीपाशी. कळशी सोडली, ओढली, ओंजळ भरली.

"झिला, तां पिव नको," हौसाबाई पडवीतून म्हणाली. त्याची आई. ती कधी घाईने उठत नसे, आता उठून उभी होती.

तो प्यायला. पाणी जिभेवर जड होतं, आणि घोट उतरल्यावर मागे खार राहिला.

"कधीपासून?"

"देवदिवाळेपासून."

"आणि मी घरात पितो ते?"

हौसाबाईने सुनेकडे पाहिलं. सुगंधा चुलीकडे बघत राहिली. उजाडायच्या आधी तीच जायची, महादूच्या विहिरीवर, दोन कळशा घेऊन. महादूची बायको विचारत नसे आणि ही सांगत नसे. दोन महिने घरातल्या दोन बाया घरातल्या पुरुषाला दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी पाजत होत्या आणि मास्तर गावाला मोजमाप शिकवत होता.

हौसाबाईची भीती काय होती हे खारवलीत कोणाला सांगावं लागलं नसतं. माघी पौर्णिमेला ग्रामदेवी पावणाईचं न्हावण, म्हणजे स्नान. त्याचं पाणी परबांच्या विहिरीचं, तो परबांचा मान, सात पिढ्यांचा. न्हावणाचं पाणी मग तीर्थ म्हणून घरटी एक पळी मिळे. त्याआधी दोन दिवस, त्रयोदशीला, देवळासमोर गावकर, गावचा पहिला मानकरी, परबांच्या कर्त्या माणसाला विचारी, पाणी गोड आसा? आणि कर्त्याने म्हणायचं, गोड आसा. बाप गेल्यापासून हे दोन शब्द काशिनाथ म्हणत आला होता. एका भावकीची विहीर आजोबांच्या काळात अशीच फिरली होती, तेव्हा गाव म्हणाला होता की देवीने त्यांच्याकडे पाठ केली. त्या भावकीला आजही पंगतीत शेवटचं पान मिळे.

"पौर्णिमेक पाणी खयसून आणतलंय?" त्याने विचारलं. घरी आल्यावर त्याची शाळेतली मराठी आपोआप गळून पडे.

"ती काळजी माझी," हौसाबाई म्हणाली. "महादूच्या बावीचा पाणी आमच्या कळशेत ओतलंय तर देवी काय ता वळखता? वळखात तर माका शिक्षा करात. तुका नाय." बोलताना तिचे हात पदराशी चाळा करत होते. देवीला फसवायचं हे तिने ठरवलं होतं, आणि त्याची धास्ती तिच्या हाडात शिरली होती. "तू फक्त तो शिंपलो हलय."

मंगळवारी आनंदी वाटी घेऊन आली. तीन गुंजा. शिंपला दोरीच्या खाली जाऊन बसला, अगदी महादूच्या विहिरीच्या शिंपल्याला खेटून, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. काशिनाथने त्या दोन शिंपल्यांकडे पाहिलं. पाणी कुठलं ते त्याच्या लक्षात आलं.

"पाणी तूच काढलंस?"

"नाय. तुमच्या घरच्या आजयेन काढून ठेवला होता. बावीर शेवाळ इला, पाय घसरतलो, म्हणाली." आनंदी वर बघत होती, जिथे शनिवारचा शिंपला होता. "गुरुजी, पयलो खंय गेलो?"

तो त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता. सकाळी वर्ग भरायच्या आधी त्याने उचलला होता.

"ती चूक होती."

"पण तुमीच सांगलात, दोनय ठेवचे. आणि गुरुजी, चूक नसात तर? बाकीच्या बावींक मीठ खाडी देता. ह्या बावीक आणि खयसून तरी येता."

"हात घाण असला की असं होतं," काशिनाथ म्हणाला. आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "आधी भांडी घासायला शीक, मग शिकव मला."

आनंदीने दोन्ही हात परकराला पुसले, जणू ते खरोखरच घाण होते, आणि खाली बसली. काशिनाथ खडू घेऊन फळ्याकडे वळला. आपण एका पोरीला खोटं पाडलं, तेही तिने खरं सांगितलं म्हणून, हे त्याला त्या क्षणीच कळलं होतं.

तिचं वाक्य मात्र त्याच्यामागे शाळेबाहेर आलं. आणि खयसून तरी येता. संध्याकाळी तो विहिरीपासून सरळ खाडीकडे चालायला लागला. त्याच्या आजोबाने बुजवलेला एक जुना व्हाळ, म्हणजे ओढा, तिथून खाली जात होता. आता वर गवत होतं, पण पायाखाली माती अजून मऊ लागे. व्हाळ जिथे खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला मिळत असे तिथे महादूचे कुणगे होते, वायंगणाची म्हणजे उन्हाळी भाताची खाचरं. महादू गुडघाभर चिखलात उभा राहून तण काढत होता.

"गुरुजी, ह्या बगा," तो म्हणाला. हिरव्या भातामधून एक पिवळा पट्टा बांधाकडे गेला होता, दोन हात रुंद. "चार दीस झाले. मुळां कुजतत. बांधात कुर्ल्यांनी बिळां केल्यानी आसतली. खणून बगलंय असतंय, पण आजपासून बंदी."

अष्टमी होती. अष्टमीपासून देवीचं न्हावण होईपर्यंत खारवलीत जमिनीला कुदळ लागत नसे. खड्डा नाही, खांब नाही, मेलेलं जनावरही पुरायचं नाही, खाडीपल्याड न्यायचं. न्हावण पुढे ढकललं तरच बंदी उठे, आणि न्हावण पुढे ढकलायला कारण एकच चाले: पाणी गोड नसणं.

काशिनाथ निघाला तेव्हा महादूने हाक मारली. मान खाली ठेवूनच तो आपल्या मुलीबद्दल बोलला. "चेडवाचो हात घाण, म्हणालात काय? तां भांडी राखेन घासता, गुरुजी. माझ्या नदरेसमोर घासल्यान." त्यात तक्रार नव्हती, तेच लागलं.

त्याच संध्याकाळपासून तो रोज भरतीला बांधावर जाऊ लागला. उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, खांबावर पाणी किती बोटं चढलं ते बघायचं आणि बांधाच्या आतल्या अंगाला ओल किती पावलं पसरली ते मोजायचं. ओलीच्या मधोमध बोटाएवढं भोक होतं. भरती वाढली की त्यातून पाणी उकळल्यासारखं वर येई आणि भोकाभोवती वाळूचा लहानसा ढीग साचे. पाणी त्याने चाखलं. नुसतं मीठ. पौर्णिमा जवळ येत होती आणि भरती रोज चार बोटं वर चढत होती.

शनिवारी दुपारी त्याने अंगणात पाच शिंपले मांडले. आडवी भरती, उभी ओल. एक पाऊल, दोन, पुन्हा दोन, चार, पाच. सुतळी लावली. शेवटच्या शिंपल्यापलीकडे दोरी न्यायची झाली तर भीत भीत न्यावी, पुढे काय आहे ते आपण पाहिलेलं नसतं, असं तो वर्गात सांगे. ते शिकवताना भीती हा नुसता शब्द होता. आता त्याने सुतळी पौर्णिमेच्या उधाणापर्यंत ओढली आणि पावलं दोनदा मोजली. नऊ पावलं. बांध तळाला दहा पावलांचा होता.

"काय होतला?" सुगंधाने विचारलं.

"कदाचित कायच नाय. कदाचित बांध बसतलो. बसलो तर महादूचे कुणगे पयले, मगे सगळ्या गावाचा वायंगण. आणि जमीन तीन वर्सां खारी."

"मगे सांगा कोणाक तरी."

तो तसाच गंगाराम गावकराकडे गेला. गावकर सुपाऱ्या सोलत बसला होता. त्याने ऐकून घेतलं, आडकित्ता खाली ठेवला नाही.

"मास्तरानू, बांध माझ्या जन्माआधीचो. कुर्ले त्येच्याही आधीचे. न्हावण होवंदे, मगे बगुया."

"त्या दिवशी उधाण आसा."

"दरवर्साक आसता. बंदी मोडूची तर देवीक काय सांगू? शिंपले सांगतत म्हणान?" गावकर हसला, मग थांबला आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "तुमच्या बावीचा पाणी बरां आसा मां?"

काशिनाथ बरं आहे म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की त्याला आपल्याच जिभेची भीती वाटली.

तो परतला तेव्हा हौसाबाई अंगण झाडत होती. पाच शिंपले केरात गेले होते. "अंगणात हाडां पसरल्यासारखी दिसतत ती," ती म्हणाली. ती झाडणी थांबवत नव्हती, झालेलं अंगण पुन्हा झाडत होती. "माका सगळा कळता रे. मी येडी नसंय. पण माझ्या घोवान त्या देवळासमोर मान वर करून सांगल्यान ता मी चाळीस वर्सां आयकलंय. तू खाली मान घालून उभो रवलेलो माका बगूक जमाचा नाय."

काशिनाथने केरातून शिंपले वेचले.

त्रयोदशीला सकाळी देवळासमोर गाव जमला. पुरुष पुढे, बाया तुळशीवृंदावनाच्या मागे. महादू कडेला, आनंदी त्याच्या शेजारी. काशिनाथ धुतलेलं धोतर नेसून पायरीखाली उभा राहिला. उजवा हात सदऱ्याच्या खिशात गेला आणि तिथे तो शिंपला होता. मंगळवारपासून तो काढून ठेवायचा राहिला होता. त्याने मूठ वळली, शिंपल्याची कड तळव्यात रुतली.

गावकराने नारळ पुढे धरला. "परबानू, पाणी गोड आसा?"

वाट बघायची रीतच नव्हती. दरवर्षी प्रश्न संपायच्या आत उत्तर येई. यंदा आलं नाही. कोणीतरी खाकरलं. काशिनाथला मागे वळून बघावंसं वाटलं, पण मागे आई होती. समोर नारळ होता, आणि नारळाच्या पलीकडे लांबवर बांध दिसत होता. खाडी सकाळपासूनच भरायला लागली होती.

"खारट आसा," तो म्हणाला. मागपर्यंत पोचावं म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "खारट आसा. शेराक चौदा गुंजा. महादूच्या चेडवान मोजल्यान, तां खरां. मी खोटां बोललंय. मीठ जुन्या व्हाळातसून येता, बांधाखालसून."

गावकराने नारळ मागे घेतला. पुढची माणसं अर्धं पाऊल मागे सरकली आणि काशिनाथभोवती मोकळी जागा झाली. मग एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे न्हावण रवला. म्हणजे बंदी उठली." आणि महादू धावत सुटला, फावडं आणायला.

दोन दिवस बांधावर साठ माणसं होती. ओहोटीला खणायचं, भरती चढायच्या आत चिकणमाती आणि दगड भरायचे, वरून पायांनी तुडवायचं. जुन्या व्हाळाच्या तोंडाशी बांध आतून पोकळ निघाला. एका ठिकाणी तर महादूचा हात खांद्यापर्यंत आत गेला. काशिनाथ टोपल्या वाहत होता. त्याच्या तळव्यांना फोड आले आणि फुटले. कोणी त्याला काम करू नको म्हटलं नाही, पण पाण्याचा तांब्या रांगेतून फिरे तेव्हा त्याच्यापाशी शेवटी येई.

पौर्णिमेला उधाण आलं. ते उघाडीच्या खांबावर शेवटच्या खुणेपर्यंत चढलं, बांधाला ढुशा देत तासभर थांबलं आणि उतरून गेलं. काही झालं नाही. बांधावर ओळीने उभ्या असलेल्या माणसांनी विड्या पेटवल्या आणि ती आपापल्या घरी गेली.

आणि काही झालं नाही म्हणूनच, आठ दिवसांत गावात बोलणं सुरू झालं. बांध तसाही टिकला असता. मास्तराने उगाच घरचा मान घालवला. शिकलेल्या माणसाचं असंच असतं. गावाने देवीला कौल लावला, न्हावण पुढच्या पौर्णिमेवर गेलं आणि पाण्याचा मान गावकराच्या भावकीत गेला. त्या दिवशी तीर्थाची पळी परबांच्या घरी आली, इतर घरांसारखीच. हौसाबाईने ती घेतली. मुलाशी मात्र ती बोलेना. जेवायला वाढी, तेव्हाही सुगंधाकडून.

त्रयोदशीनंतर शाळा भरली, त्याच दिवशी काशिनाथने खिशातला शिंपला काढून वर्गासमोर आनंदीच्या हातात दिला. "मी चुकलो," तो म्हणाला. "हात तुझा स्वच्छ होता." तिने तो घेतला, आठशे पावलांवर, चौदा गुंजांवर ठेवला, आणि शेजारी चिंचोका ठेवला. चिंचोका म्हणजे पुढच्या महिन्याची जागा, अजून मोजायची.

चैत्राच्या पहिल्या शनिवारी ती वाटी घेऊन परबांच्या अंगणात आली. काशिनाथ पडवीत वह्या तपासत होता. विहिरीवर जायला तो उठणार, तोच हौसाबाई घरातून बाहेर आली. तिने विहिरीचा दोर हातात घेतला, कळशी खाली सोडली आणि एकटीनेच वर ओढली. आता तिला ते झेपत नसे. दोनदा तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. सुगंधा पुढे झाली, तिला तिने हातानेच मागे सारलं.

तिने आनंदीचं भांडं शिगोशीग भरलं.

"ह्या आमच्याच बावीचा पाणी," ती म्हणाली. "तुज्या नदरेसमोर काढलंय. नीट मोज." आनंदी भांडं डोक्यावर घेऊन निघाली. ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा हौसाबाईने पुन्हा हाक मारली, आणि तिच्या आवाजात इतक्या दिवसांची धास्ती तशीच होती. "कितक्या गुंजा झाल्या, ता माका येवन सांग गो. कमी झाल्या नाय तरी सांग."